कानबाईच्या परातीतलं शिकरण

मी आणि माझ्या बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते केळी सोलायचं. त्यानंतर बारा-तेरा दिवस ती चांगली होती, घरातच होती, पण तिचं काम चुलीपाशी आणि माझं मळ्यात. दोघं एका परातीला बसलो ते त्या सकाळीच. श्रावणातला रविवार होता आणि घरात कानबाई बसायची होती.

ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे नारळाला नाक-डोळे लावून, लुगडं नेसवून देवी बसवतात, रात्री जागर करतात आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर बोळवतात. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. दिलेली लेक समोर बसली असली तरी तिला त्यातला घास नाही, कारण तिचं कूळ बदललं. हा नैवेद्य घराबाहेर जाऊ द्यायचा नाही आणि टाकायचाही नाही. उरला तर घरच्यांनीच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाऊन संपवायचा.

आमच्या सात घरांत त्यावर आणखी एक रीत आहे. रोटाबरोबर केळ्यांचं शिकरण असतं, आणि ते घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाने हाताने कालवायचं. चमचा नाही, रवी नाही. त्या दिवशी त्या हाताला साबण लावायचा नाही, कारण साबणात चरबी असते. नुसत्या पाण्याची अंघोळ आणि नुसत्या पाण्याने धुतलेला हात. दूधही देवीला धारेचं लागतं, तापवलेलं चालत नाही. आजोबा कालवायचे, मग बाप, मग थोरला भाऊ. भाऊ गेला त्या वर्षी आम्ही कानबाई बसवलीच नाही. पुढच्या वर्षी बसवली तेव्हा सगळ्यात मोठा मी होतो.

तोवर स्वयंपाकाला माझा हात कधी लागलाच नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा मी आयुष्यात स्वतः भरून घेतला नाही, ती भरून द्यायची. त्याचा अभिमान नाही, जे होतं ते सांगतो.

ती परातीच्या त्या बाजूला बसली, मी या बाजूला.

"सोला की. का नुसतं पाहायले बसले?"

"सोलू ऱ्हायलो ना."

"घड उतरवण्यात जन्म गेला तुमचा, अन् एक केळ धड सोलता येत नाही."

"मी केळी विकायले पिकवतो. सोलणारे दिल्लीत बसले आहेत."

ती हसली. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "हात धुतले?"

"अंघोळ केली."

"तंबाखूचा वास येऊ ऱ्हायला. कानबाईले ठसका लागीन."

मी पुन्हा उठून रांजणातल्या पाण्याने हात धुतले. साबण तिथेच कोनाड्यात होता. तिने पाहिला, मीही पाहिला. दोघांनीही हात लावला नाही, कारण दोघांनाही रीत ठाऊक होती.

मग मी केळी कुस्करली. पिकलेलं केळ बोटांतून निसटतं तेव्हा बरं वाटतं, हे मला साठ वर्षं केळीत काढूनही माहीत नव्हतं. तिने वहिनींकडचं दूध ओतलं, साखर घातली, वेलदोडा घातला. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. घर आमच्या घराला लागून, म्हैस त्यांची, दूध त्या स्वतः काढायच्या. मी कोपरापर्यंत हात घालून कालवलं. ती म्हणाली, "गाठी राहू देऊ नका." मी म्हटलं, "तूच ये मग." ती म्हणाली, "मले चालत असतं तर तुमले बसवलं असतं का?"

दुपारी सात घरांनी प्रसाद घेतला. आमची लेक सासरहून आली होती, ती बाजूला बसून भाऊबंदांना वाढत होती. रात्री जागर झाला, सोमवारी देवी बोळवली. शिकरण थोडं उरलं. मंगळवारपर्यंत ते काळं पडलं होतं आणि त्याला आंबूस वास येत होता. कुणी तोंड लावेना. टाकायचं तर नाही. मग आमच्या हिने परात मांडीवर घेतली आणि पुसून खाल्ली. मी म्हटलं, "मरशील." असं मी तिला रोज कशावरून तरी म्हणायचो, त्यात काही नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, ते लिहायला मला जमत नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी तिला ताप आला. तिच्या पाठोपाठ सात घरांत आणखी आठ जणांना आला. बाकीचे लवकर दवाखान्यात गेले. ती म्हणाली, घाम आला की उतरेल. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या घेत राहिली, भाकऱ्या थापत राहिली. तिसऱ्या आठवड्यात पोट फुगलं तेव्हा पोराने गाडी करून बुऱ्हाणपूरला नेलं. टायफॉइड निघाला, आतड्याला भोक पडलं होतं. पोट उघडून टाके घातले. चौथ्या दिवशी ती गेली. बाकीचे आठही बरे झाले.

तेराव्याला ओसरीवर सगळे भाऊबंद जेवायला बसले होते. तोवर लोकांत बोलणं चाललं होतं की कानबाईचं दूध कच्चं होतं. वहिनी वाढत होत्या. माझ्या ताटापाशी आल्या आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दूध कोणाच्या हातचं होतं ते मले माहीत आहे, वहिनी. तुमच्या हातानं माझी बायको गेली."

त्यांनी वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि घरी गेल्या. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, बोलत नाहीत म्हणजे त्यांनाही पटलं. दिवाळीच्या आधी वहिनींनी म्हैस विकली. त्यांच्याकडचं दूध कुणी घेईनासं झालं होतं. मधल्या भिंतीवरून आमच्याकडे ताक यायचं तेही बंद झालं. मी मान ताठ ठेवून त्यांच्या दारावरून जायचो.

एका घराण्यातल्या इतक्या जणांना एकदम ताप आला म्हणून आरोग्य खात्याकडून एक बाई येऊ लागली. वयाने माझ्या नातीएवढी. माहेरची बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातली, म्हणून मराठी बोलायची, पण निम्मी हिंदी. पहिल्या दिवशी तिने वहीत सात घरांतल्या प्रत्येकाचं लिहून घेतलं. कोणी काय खाल्लं, कोणी खाल्लं नाही. मी म्हटलं, आम्ही सगळं सोबतच खातो. तर म्हणाली, "नाही काका. तुमची मुलगी आठ दिवस याच घरात होती, हेच पाणी, हीच भाजी. तिला काही झालं नाही. तिने काय नाही खाल्लं?"

"रोट."

"बस. मग मला रोटाबद्दल सांगा."

मी रीत सांगितली. कालवणाऱ्या पुरुषाचंही सांगितलं, पण त्यात मला स्वतःचं काही दिसलं नाही. मी म्हटलं, दूध तपासा, म्हैस तपासा. ती म्हणाली, हा ताप म्हशीला होत नसतो, हा माणसाचाच आहे. तो एका माणसाच्या पोटातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. मी म्हटलं, मग दूध काढणारीला तपासा.

ती म्हणाली, "सगळ्यांनाच तपासायचंय. ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावला, सगळे. तुम्हीपण." आणि तिने पिशवीतून झाकणाच्या छोट्या डब्या काढल्या. संडासचा नमुना द्यायचा होता. ते कळल्यावर मी तिला अंगणाबाहेर जायला सांगितलं. बायको जाऊन महिना झाला नाही आणि माझ्याकडे ही असलं मागते. वहिनींनी मात्र डबी भरून दिली. एकदा नाही, सांगितलं तेव्हा तीनदा. त्यांच्यात काही निघालं नाही. ते मला कळलं तेव्हा मी म्हटलं, मशीन चुकत असेल.

संक्रांतीनंतर ती आरोग्य खात्याची बाई पुन्हा आली. मी मळ्यात मुनवे काढत होतो. मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्यापाशी फुटणारी पिलं. ती बांधावर बसली आणि म्हणाली, नऊ जणांच्या रक्तात जे जंतू सापडले होते ते मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले होते, त्याचा निकाल आला.

"काय म्हणतो निकाल?"

"काका, हे तुम्ही काय काढताय?"

"मुनवे."

"हे आणि ते मोठं झाड, वेगळं का?"

"एकच. केळीला बी नसतं. आईच्या पोटातून पील, पिलातून पील. सगळी तीच."

"अगदी हुबेहूब?"

"हुबेहूब कुठलं. पिढ्या गेल्या की एखादं चुकार निघतं. पान आखूड, नाहीतर फण्या कमी."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल," ती म्हणाली. जंतूही असाच वाढतो म्हणे, एकाचे दोन, दोनाचे चार. प्रत्येकाच्या आत एक लांबच लांब लिखाण असतं, आणि दरवेळी ते उतरवून घेतलं जातं. उतरवताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. चुकलेलं अक्षर पुढच्या सगळ्या पिढ्यांत तसंच राहतं. आता मशीन ते सगळं लिखाण वाचतं. दोन माणसांतल्या जंतूंची अक्षरं ताडून पाहिली की कळतं, ते एका घरातले की लांबचे.

"म्हणजे भाऊबंदकी काढता तुम्ही जंतूंची."

ती हसली. "हां, तेच. आणि तुमच्या नऊ जणांतला जंतू एकच आहे, एका परातीतला. पण एक गोष्ट आम्हाला कळत नव्हती. शहरात हल्ली जो टायफॉइड फिरतो, त्याच्याशी याचं नातं खूप लांबचं आहे. हे जुनं घराणं आहे, काका. आताच्या जंतूंवर जुनी औषधं चालत नाहीत, याच्यावर चालतात. जणू याला कधी औषध दिसलंच नाही. कुठेतरी दडून बसलेला असणार, चाळीस वर्षं, पन्नास वर्षं."

"इतकी वर्षं कुठं बसणार?"

"माणसात. पित्ताच्या पिशवीत बसतो. माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ता नसतो." मग तिने वहीकडे बघत, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्हाला तरुणपणी कधी टायफॉइड झाला होता?"

"नाही," मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही. टायफॉइड हा शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता. ती गेली आणि मी दोन-तीन मुनवे काढले आणि कुदळ हातातच राहिली. आम्ही त्याला मोतीझिरा म्हणायचो.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. मला मोतीझिरा झाला आणि तो चाळीस दिवस राहिला. खकनारहून वैद्य यायचा. सगळ्यांनी सोडून दिलं होतं, माझ्या आईनेसुद्धा. बायको सोळा-सतरा वर्षांची. ती माझ्या खाटेपाशी बसून भाताची पेज चमच्या-चमच्याने पाजायची, अंग पुसायची, घाण काढायची, अंथरूण तापीवर नेऊन धुवायची. माझं डोकं दुखायचं म्हणून मी तिला शिव्या द्यायचो. एकेचाळिसाव्या दिवशी मी उठून बसलो. तिला तेव्हा काही झालं नाही. का झालं नाही ते त्या आरोग्य खात्याच्या पोरीलाही पुढे सांगता आलं नाही. म्हणाली, कधी होतं, कधी नाही होत.

आठवल्यावरही मी होळीपर्यंत डबी दिली नाही. कारण सांगायचं तर मला निकाल नको होता. वहिनी दोषी असण्यात माझी सोय होती. राग करायला मला शेजारचं घर होतं, रोज सकाळी उठून मी तो राग करायचो आणि दिवस जायचा. तो गेला तर दिवसभर काय करणार होतो?

होळीच्या आदल्या दिवशी ती पोरगी पुन्हा दारात. मी म्हटलं, "तुले दुसरं काम नाही का बाई?"

"आहे ना. पण पुढच्या श्रावणात कानबाई बसणार, काका. परात कोण कालवणार?"

मी दार लावायला घेतलं.

"तुमचा नातू किती वर्षांचा आहे?"

मी हात पुढे केला. तिने डबी दिली. जाताना म्हणाली, "यात लाजायचं काही नाही. माझ्या पिशवीत आत्ता बावीस आहेत, बसमध्ये बाजूचा माणूस विचारत होता टिफिन आहे का." इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा हसू आलं. तीनदा दिली, वहिनींसारखीच.

वैशाखात ती निकाल घेऊन आली. भर दुपार होती, मी ओसरीवर एकटाच होतो. या वेळी तिने केळीचं काही विचारलं नाही. समोर बसली आणि म्हणाली, "काका, जंतू मिळाला."

कागदावर झाडासारखी रेघांची आकृती होती. मी चौथी शिकलो आहे, अक्षरं लागतात, पण ती इंग्रजीत होती. तिने बोट ठेवून दाखवलं. एका फांदीला नऊ ठिपके जवळजवळ, ते आमच्या घरचे. आणि त्याच फांदीवर, बुंध्याच्या बाजूला, दहावा. दहाव्याचं आणि नवांचं लिखाण जवळपास एक, एखाद्या अक्षराचा फरक. बाकी शहराचे ठिपके पार कागदाच्या दुसऱ्या टोकाला.

"दहावा मी?"

"हो."

"अन् या नवांत ती कोणती?"

तिला ते सांगायचं नव्हतं. मी पुन्हा विचारलं. तिने एका ठिपक्यावर नख ठेवलं. तो माझ्या सगळ्यात जवळ होता.

मग तिने बरंच सांगितलं. एक महिनाभर गोळ्या घ्यायच्या, पुन्हा तपासायचं, पित्ताच्या पिशवीत खडे असतील तर ती काढावी लागेल. तोवर कुणाच्या खाण्याला हात लावायचा नाही, संडासहून आलं की साबणाने हात धुवायचे, कुठलाही सण असला तरी. तुमची चूक नाही, तुम्हाला माहीत नव्हतं, असंही ती म्हणाली. आणि उठताना म्हणाली, "कागदावर तुमचं नाव नाही, नुसता नंबर आहे. आमच्याकडून कुणाला कळणार नाही. घरात कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा."

ती गेल्यावर मी ओसरीवरच बसून राहिलो. मधल्या भिंतीच्या पलीकडे वहिनी तांदूळ पाखडत होत्या, सुपाचा आवाज येत होता. नंबर कुणालाच कळणार नव्हता. मी गोळ्या खाल्ल्या असत्या, कानबाईच्या वेळी म्हटलं असतं हात दुखतो, पुतण्याला कालवू द्या, आणि भाऊबंदांच्या लेखी ते वहिनींचं दूधच राहिलं असतं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. आलं म्हणूनच लिहिलं.

दुसरा विचार बायकोचा आला. चाळीस दिवस बसून तिने मला त्या तापातून ओढून बाहेर काढलं. सगळा ताप बाहेर आलाच नव्हता. थोडा माझ्याजवळ राहिला आणि पन्नास वर्षं मी तो तिच्याच घरात सांभाळला. तिने मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, मीही गेलो नाही, म्हणून ती इतकी वर्षं जगली. एकदाच मी तिच्यासोबत परातीला बसलो. यावर रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. अंधार पडल्यावर पोराचा बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातून फोन आला, जेवलात का विचारायला. मी म्हटलं, जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, हात धुतले, साबणाने, बोटांच्या बेचक्यांतून, त्या पोरीने दाखवले होते तसे. कागद खिशात घातला आणि वहिनींच्या दारात गेलो. त्या अंगण झाडत होत्या. झाडू थांबला नाही.

"वहिनी, दोन शब्द बोलायचे होते."

"मागच्या वेळी दोनच बोलले होते तुम्ही, भाऊजी."

मी ओट्यावर बसलो आणि सांगितलं. मोतीझिऱ्यापासून दहाव्या ठिपक्यापर्यंत, जसं मला कळलं होतं तसं. कागद दाखवला. त्यांना अक्षरही येत नाही, पण त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"यातली ती कोणती?" त्यांनी विचारलं.

मी दाखवली. त्यांनी बोटाने तो ठिपका चाचपला, पिठाचा कण असावा तसा.

"माझे हात नाही हे मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण रोज धार काढायले बसले की वाटायचं, असतील तर? म्हणून विकली म्हैस. लोकांसाठी नाही विकली."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"ते मले एकटीले काय सांगता?" त्यांनी कागद परत दिला. "तेराव्याले ओसरीवर कोण कोण होतं?"

"सगळेच होते."

"मग?"

त्यांनी झाडू उचलला आणि उरलेलं अंगण झाडायला घेतलं. मी उठलो. आमची सात घरं एकाच गल्लीत आहेत, माझं आणि वहिनींचं सोडलं तर पाच राहतात. टोकाचं घर चुलतभावाचं. त्यालाही त्या श्रावणात ताप आला होता आणि तो एकवीस दिवस दवाखान्यात होता. मी तिथून सुरुवात केली. कडी वाजवली आणि तो दार उघडेपर्यंत कागद हातात धरून उभा राहिलो.